गाडीचा पार्ट : कंपनीचा घ्यावा की लोकल?

कांद्याचा हंगाम सुरू झाला की नामपूरच्या बाजाराकडे पिकअप गाड्यांची रांग लागते. या गाड्या चालवणाऱ्यांत आपल्या वस्त्यांतले कितीतरी तरुण आहेत. कुणी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, तर कुणी कर्ज काढून स्वतःची गाडी घेतलेली. गाडी गॅरेजला लागली की त्या दिवसाची कमाई बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी मेस्त्री विचारतो, “भाऊ, कंपनीचा पार्ट टाकू की लोकल?”

प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर घरखर्चाशी आणि कधीकधी जिवाशी जोडलेले. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ या. घरातील भगिनींनीही हे वाचावे, कारण गाडीचा खर्च शेवटी घरातूनच जातो.

दोन नव्हे, चार प्रकार

पहिली गोष्ट म्हणजे गाडीची कंपनी प्रत्येक पार्ट स्वतः बनवत नाही. लांबचे उदाहरण नको. आपल्या नाशिकच्या सातपूरला महिंद्राचा गाड्यांचा कारखाना आहे. त्याच सातपुरात बॉशचाही कारखाना आहे; जुने कामगार त्याला अजून ‘मायको’च म्हणतात. तिथे डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. बॉशसारखे कारखानदार अनेक गाडी कंपन्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या बॉक्समध्येही बाजारात विकतात.

म्हणजे बाजारात चार प्रकारचा माल असतो. एक, गाडी कंपनीच्या बॉक्समधला. दोन, गाडी कंपनीला पुरवठा करणाऱ्या कारखान्याचा, त्याच्या स्वतःच्या बॉक्समधला. हा बहुधा स्वस्त पडतो. तीन, इतर कारखान्यांचा, म्हणजे ज्याला आपण लोकल म्हणतो तो. यात चांगलाही असतो आणि वाईटही. चार, नामांकित कंपनीचे खोटे नाव छापलेला डुप्लिकेट. लोकल आणि डुप्लिकेट यांत मोठा फरक आहे. लोकल माल आपल्या नावाने विकला जातो. डुप्लिकेट ही सरळ फसवणूक आहे आणि कायद्याने गुन्हा आहे.

ग्राहकाच्या बाजूने निकाल

अस्सल पार्ट कंपनीच्या वर्कशॉपशिवाय मिळत नाहीत, ही तक्रार भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेली होती. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत. केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून गाडीची सगळी वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही बजावले. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या, तो भाग वेगळा. पण छोट्या गॅरेजवाल्याच्या आणि ग्राहकाच्या हक्काची दखल घेतली गेली, हे महत्त्वाचे. तरीही गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काम करण्यापूर्वी वॉरंटीचे पुस्तक वाचावे.

कुठे वाचवावे, कुठे नाही?

ताहाराबादहून पिंपळनेरकडे जाताना शेलबारीचा घाट लागतो. मुंबईला माल न्यायचा तर कसारा घाट उतरावा लागतो. भरलेली गाडी उतारावर असताना ब्रेक लायनरने दगा दिला तर वाचवलेले चारशे रुपये काय कामाचे? ब्रेक, स्टिअरिंगचे टाय रॉड, बॉल जॉइंट, चाकाचे बेरिंग यांत काटकसर नको. पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचाच माल घ्यावा. इंजिनात टायमिंग बेल्ट असेल तर त्याचेही तसेच. तो तुटला तर इंजिनच खोलावे लागते.

फिल्टर, क्लचप्लेट, नोझल यांना दुसरा प्रकार उत्तम. इथे मजुरीचाही हिशेब करावा. समजा, चांगली क्लचप्लेट ४,००० रुपयांना आणि बिननावाची २,२०० रुपयांना मिळते. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी १,५०० रुपये. बिननावाची प्लेट निम्म्या काळात गेली तर खर्च दोनदा ३,७००, म्हणजे ७,४०० रुपये. चांगलीचा खर्च एकदाच, ५,५०० रुपये. वर एक दिवसाची कमाई बुडाली ती वेगळीच!

आरसा, बंपर, मडफ्लॅप, सीट कव्हर, वायपर यांत मात्र लोकल माल खुशाल घ्यावा. तिथे कंपनीच्या नावासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

खरेदी करताना

बॉक्सवर कारखानदाराचे नाव-पत्ता, पार्ट नंबर, महिना-वर्ष आणि किंमत छापलेली आहे का ते पाहावे. पुसट छपाई, चुकलेले स्पेलिंग, नेहमीपेक्षा फारच कमी भाव ही डुप्लिकेटची लक्षणे. जुना पार्ट मेस्त्रीकडून परत मागून घ्यावा आणि नव्याशेजारी ठेवून वजन व माप ताडून पाहावे.

“बिल नको म्हणा, जीएसटी वाचेल,” असे दुकानदार सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ टक्के होता. एवढे पैसे वाचताना दिसतात खरे, पण बिल नसेल तर पार्ट खराब निघाल्यावर कुणाच्या दारात जाणार? बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी.

तेव्हा पुढच्या वेळी मेस्त्रीने “कंपनीचा की लोकल?” असे विचारले तर लगेच उत्तर देऊ नका. आधी त्यालाच दोन गोष्टी विचारा : हा पार्ट बनवला कुणी? आणि तो चालत्या गाडीत तुटला तर काय होईल? या दोन उत्तरांवरून कोणता पार्ट घ्यायचा ते ठरवा, आणि बिल घरातल्या कागदपत्रांच्या पिशवीत जपून ठेवा.