व्यसनमुक्तीच्या पायऱ्या

घरातल्या कुणाची दारू हाताबाहेर गेली की नातेवाइकांना दोनच वाटा दिसतात : गळ्यात माळ घालून शपथ घ्यायला लावणे, नाहीतर थेट ‘केंद्रात टाकणे’. व्यसनमुक्तीच्या उपचारांचा अभ्यास करताना मला जाणवत आले ते हे की, या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या कुटुंबांना कुणी दाखवतच नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला ना कसला उपचार मिळाला होता, दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. म्हणजे सर्वांना दाखल करणे शक्य नाही, आणि सर्वांना त्याची गरजही नाही.

पहिली पायरी समुपदेशनाची. पिणे घातक झाले आहे, पण शरीर अजून त्यावर पूर्ण अवलंबून नाही, अशांसाठी ती असते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातील ३६ टक्के पुरुषांचे पिणे घातक पातळीच्या खाली आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते.

दुसरी पायरी बाह्यरुग्ण विभागाची. माणूस घरी राहतो, जमेल तसे कामावर जातो आणि ठरल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे येतो. ओढ कमी करणारी औषधे, समुपदेशन, कुटुंबाशी बोलणे हे सारे येथे होते. घरात खंबीर आधार असेल, तर अनेकांना एवढे पुरते.

तिसरी पायरी रुग्णालयाची, आणि येथे हयगय जिवावर बेतते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली, तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. अशा माणसाला ‘शपथ घेतलीस ना, मग सोस’ म्हणून खोलीत कोंडणे धोक्याचे आहे. पूर्वी फिट आली असेल, यकृताचा आजार असेल किंवा आत्महत्येचे विचार येत असतील, तर आधी रुग्णालयच गाठावे.

चौथी पायरी निवासी केंद्राची. १९८६ साली पुण्यात सुरू झालेले ‘मुक्तांगण’ आपल्याला ठाऊक आहेच. शरीरातील विष उतरल्यावर दिनचर्या, गटचर्चा आणि स्वतःकडे पाहण्याची सवय घडवणे, हे अशा मुक्कामाचे खरे काम. पुन्हापुन्हा घसरलेल्या, किंवा घरी-मित्रांत पिण्याचेच वातावरण असलेल्या माणसाला त्याचा उपयोग अधिक होतो.

पाचवी पायरी सर्वांत दुर्लक्षित : घरी परतल्यानंतरचा पाठपुरावा. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा, नियमित भेटी, औषधे. ब्राऊन शुगर घेणाऱ्याच्या बाबतीत तर हा प्राणाचा प्रश्न असतो. मुक्कामात शरीराची सवय मोडलेली असते; बाहेर येऊन त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबू शकतो.

या पायऱ्या एकाच क्रमाने चढायच्या नसतात. प्रकृती पाहून वर न्यावे, सावरल्यावर खाली आणावे. घसरण झाली म्हणजे पहिले उपचार वाया गेले असे नव्हे, तर पायरी बदलायची वेळ आली, असे समजावे.

म्हणून ‘चांगले केंद्र कोणते?’ असे कुणी विचारले की मी आधी तपासणी करून घ्यायला सांगतो. दाखल करायचे ठरलेच, तर तीन प्रश्न विचारावेत : रात्री डॉक्टर उपलब्ध असतो का? नातेवाइकांना भेटू देतात का? घरी सोडल्यावर पाठपुरावा कोण करणार? जिथे माणसाला बांधून ठेवतात, तिथून त्याला लगेच बाहेर काढावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनातून उद्भवणाऱ्या मनोविकारांनाही लागू आहे आणि रुग्णाला साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे.