बाबांच्या भेगाळलेल्या टाचा
पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात पाय धुण्यासाठी बारा जणांना बसवतात. वसईतल्या आमच्या चर्चमध्ये एका वर्षी त्यांत माझे वडील होते. जन्मभर केळीच्या वाडीत अनवाणी राबलेला माणूस. त्या दुपारी मोरीत बसून त्यांनी वजरीने टाचा घासघासून घासल्या, तरी भेगांतली माती निघेना. "फादरांच्या हातात हे पाय कसे द्यायचे?" असं त्यांनी आईला दोनदा विचारलं.

येशूचा शिष्य पेत्रही असाच संकोचला असेल. योहानाच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, येशू जेवणावरून उठतो, वरचं वस्त्र उतरवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि घंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. धुळीतून चालत आलेल्यांचे पाय धुणं हे त्या काळी गुलामाचं काम. पेत्र साफ नाही म्हणतो. मग तुला माझ्याबरोबर वाटा नाही, असं येशूने बजावल्यावर हात आणि डोकंही पुढे करतो. बाकीची तीन शुभवर्तमानं त्या रात्रीची भाकर आणि द्राक्षारस सांगतात. योहान मात्र हे पाणी सांगतो.

मला सर्वांत जास्त अडवतो तो यहूदा. तो आपल्याला धरून देणार, हे येशूला ठाऊक होतं. तरी त्याला वगळून घंगाळ पुढे सरकलं, असं योहान कुठेही म्हणत नाही.

चर्चच्या उपासनेतल्या १९५५ च्या सुधारणेनंतर पाय धुण्याचा हा विधी गुरुवारच्या मिस्सात आला, तोही फक्त पुरुषांसाठी. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, एक मुस्लिम. २०१६ मध्ये नियमच बदलला आणि स्त्रियांनाही बसता येऊ लागलं. तोवर माझी आई गेली होती. वाडीत तीही तेवढीच राबली होती.

पुढे बाबा अंथरुणाला खिळले. पहिले आठ दिवस मी मनापासून त्यांचं सगळं केलं. महिन्याभराने एकदा कामावरून दमून आले आणि पाण्याची परात आदळली. बाबांनी काही न बोलता पाय चादरीखाली ओढून घेतले. मी खाली बसले. बराच वेळ तशीच बसून राहिले. मग म्हटलं, "बाबा, पेत्रासारखं करू नका."

त्यांनी उजवा पाय हळूच बाहेर काढला. थोड्या वेळाने म्हणाले, "डावा तुलाच उचलावा लागेल गं."