फियाट नागऱ्याला न्यायची तर

जुन्या मोटारींची रॅली म्हटली की मुंबई आठवते, नाहीतर कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची मेबॅक. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं नाव कुणी घेत नाही. वास्तविक नागपूर-भंडारा-तुमसर-तिरोडा-गोंदिया हा साधारण दीडशे किलोमीटरचा रस्ता म्हाताऱ्या गाडीला मानवणारा आहे. मोठा घाट नाही, दुतर्फा धानाच्या बांध्या, आणि शेवटी गोंदियाला लागून बालाघाट रस्त्यावर नागरा. तिथलं दगडी हेमाडपंती शिवमंदिर महाशिवरात्रीला गजबजतं. एरवी निवांत बघता येतं. लंडन-ब्रायटनची जगप्रसिद्ध दौड तरी केवढी? शंभर किलोमीटरच्या आतली.

अडचण रस्त्याची नसून उन्हाची आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली साठच्या दशकातली फियाट घ्या. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, कार्बोरेटर उपाशी राहतो आणि गाडी आचके देत थांबते. मग बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली चहा प्यायचा. घाई करून स्टार्टर मारत बसलात तर बॅटरीही जाते. म्हणून विदर्भात हा बेत डिसेंबर-जानेवारीतच आखावा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो; निघण्याआधी ते बदलून घेतलेले बरे.

कायदाही ठाऊक हवा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ ठरते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार, मुदत १० वर्षं. मात्र अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. भाजी आणायला नाही, लग्नात भाड्याने तर नाहीच.

खरी मौज मात्र वाटेतल्या जुन्या वाड्यांची. हा सगळा मालगुजारीचा, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचा मुलूख. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पण सागवानी खांबांच्या ओसऱ्या, कवेलूंची छपरं आणि धानाच्या कोठ्या काही गावांत अजून उभ्या आहेत. गोंदियाजवळच्या कामठ्यालाही वाट वाकडी करावी. तिथल्या जमीनदार चिमणा पटेलाने १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध बंड केलं होतं. राजवाडे तिकीट काढून बघता येतात, इथल्या वाड्यांत माणसं राहतात. आधी निरोप धाडावा, पाच-सहा गाड्यांहून अधिक नेऊ नयेत आणि माजघरात मोबाइल रोखून शिरू नये. माझ्या मते अशा सहलीत गाडी हे निमित्त असतं. अंगणात जुनी फियाट थांबली की घरातले आजोबा आपणहून बाहेर येतात आणि एकदा बोलायला लागले की वाड्याचा इतिहास वेगळा विचारावा लागत नाही.

गोंदिया-तिरोड्याकडे कुणाच्या गोठ्यात, गिरणीच्या शेडमध्ये अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली पडली असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचं आरसी बुक शोधा. भारतात नोंदलेल्या गाडीला विंटेज नोंदणी घ्यायची, तर ते जोडावंच लागतं.