बाल्टिकची यादी : हेलसिंकी करारानंतरच्या पन्नास वर्षांचा मागोवा

बाल्टिक समुद्राच्या पर्यावरणाचे संरक्षण करण्यासाठी २२ मार्च १९७४ रोजी हेलसिंकी येथे डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, पोलंड, सोव्हिएत संघ, पूर्व जर्मनी आणि पश्चिम जर्मनी या सात देशांनी एका करारावर सह्या केल्या. जमिनीवरून वाहत येणारे, जहाजांतून सांडणारे आणि हवेतून उतरणारे अशा सर्व प्रकारच्या प्रदूषणाचा एकत्र विचार करणारा हा जगातील पहिला प्रादेशिक करार होता. सह्या करणाऱ्यांत एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेल्या दोन लष्करी गटांतील देश होते आणि त्यांच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली दोन तटस्थ राष्ट्रेही होती. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला भरलेली संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद इंदिरा गांधींच्या भाषणामुळे भारतीय वाचकांना आठवते. मात्र पूर्व जर्मनीला बरोबरीच्या दर्जाचे निमंत्रण मिळाले नाही म्हणून सोव्हिएत गटाने त्याच परिषदेवर बहिष्कार घातला होता. त्यानंतर दोन वर्षांच्या आत दोन्ही जर्मनी एकाच कागदावर समान दर्जाने सही करतात, या घटनेमागे राजनैतिक वातावरण निवळल्याचा जेवढा वाटा होता, तेवढाच समुद्राच्या बिघडलेल्या प्रकृतीचाही होता.

ही प्रकृती मुळातच नाजूक आहे. सुमारे ४ लाख चौरस किलोमीटरचा हा समुद्र सरासरी ५५ मीटर इतकाच खोल असून डेन्मार्कजवळच्या अरुंद आणि उथळ सामुद्रधुन्यांतूनच त्याचा महासागराशी संबंध येतो, त्यामुळे त्यातील पाणी पूर्ण बदलायला सुमारे तीस वर्षे लागतात. कोकण किनाऱ्यावरच्या समुद्रात दर किलो पाण्यामागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असते, तर बाल्टिकच्या मध्यभागी पृष्ठभागावर ते ६ ते ८ ग्रॅमच भरते. नद्यांचे हलके गोडसर पाणी वर आणि उत्तर समुद्रातून शिरलेले जड खारे पाणी खाली, असे दोन थर तेथे कायमचे पडलेले असतात. वरच्या थरातला प्राणवायू खाली सहसा पोहोचत नाही. अशा समुद्रात समुद्राच्या चौपट विस्ताराच्या खोऱ्यातून, म्हणजे चौदा देशांतील सुमारे साडेआठ कोटी लोकांच्या वस्तीतून, शेतातून आणि कारखान्यांतून पाणी उतरते. त्यातले नत्र आणि स्फुरद, म्हणजे शेतकरी खत म्हणून जी दोन द्रव्ये पिकांना देतो तीच, पाण्यात शैवालांची बेसुमार वाढ घडवतात. मेलेले शैवाल तळाशी जाऊन कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवते आणि तळाचे विस्तीर्ण पट्टे निर्जीव होतात. या प्रक्रियेला अतिपोषण म्हणतात, आणि पुढच्या पन्नास वर्षांचा बराचसा इतिहास हा तिच्याशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

पहिला इशारा मात्र अतिपोषणाने दिला नव्हता. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सन हे १९६० च्या दशकाच्या मध्यास मासे आणि पक्षी यांच्या शरीरातील डीडीटीचे अवशेष मोजत असताना त्यांच्या आलेखांवर पुन:पुन्हा काही अनोळखी शिखरे उमटू लागली. संग्रहालयात जपून ठेवलेल्या समुद्रगरुडाच्या १९४० च्या दशकातील पिसांतही तो पदार्थ सापडला, तेव्हा डीडीटी सर्रास वापरात येण्यापूर्वीच तो निसर्गात पसरला होता, अर्थात तो कीटकनाशकाचा अवशेष नव्हे, हे उघड झाले. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि रंगांमध्ये वापरली जाणारी पीसीबी नावाची कृत्रिम रसायने बाल्टिकच्या अन्नसाखळीत मुरल्याचे १९६६ मध्ये जाहीर झाले, आणि समुद्रगरुडांच्या घरट्यांत अंडी का फुटतात व करड्या सील माद्या वांझ का होतात, या कोड्यांचा उलगडा त्यानंतर क्रमाने होत गेला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लाखाच्या घरात असलेले करडे सील १९७० च्या दशकात काही हजारांवर आले होते.

१९७४ च्या कराराला पुरेशा देशांची मान्यता मिळून तो ३ मे १९८० रोजी अमलात आला, आणि हेलसिंकी आयोग, ज्याला थोडक्यात हेलकॉम म्हणतात, तो स्थायी स्वरूपात काम करू लागला. आयोगाचे निर्णय एकमताने होतात आणि त्याच्या शिफारशी कायद्याने बंधनकारक नसतात. ही दुर्बळता त्या काळात विशेष जाणवली. किनाऱ्यालगतचे अंतर्गत जलक्षेत्र कराराच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते, म्हणजे नदीची मुखे, खाड्या आणि बंदरे, जेथे प्रदूषण सर्वाधिक असते, नेमकी तीच ठिकाणे परस्पर तपासणीतून सुटली होती. सोव्हिएत किनाऱ्याची बरीचशी माहिती लष्करी गोपनीयतेखाली होती. तरीही या दशकातील एका कामाला इतिहासात पुरेसे श्रेय दिले जात नाही. १९७९ पासून सर्व देशांनी समान पद्धतीने समुद्राचे मोजमाप सुरू केले. एकाच ठिकाणच्या पाण्याचे नमुने निरनिराळ्या देशांच्या प्रयोगशाळांत तपासून उत्तरे जुळतात की नाही हे पाहिले जाऊ लागले, आणि ती जुळत नसतील तेव्हा वाद देशांचा न होता उपकरणांचा आणि पद्धतीचा झाला. सोव्हिएत लेनिनग्राड आणि पश्चिम जर्मनीतील कील येथील शास्त्रज्ञांनी एकाच आकड्यावर विश्वास ठेवणे ही पुढच्या सर्व वाटाघाटींची पूर्वअट होती, आणि ती पडद्याआड, फारसा गाजावाजा न होता पूर्ण झाली. याउलट १९८८ मध्ये पर्यावरणमंत्र्यांनी नत्र-स्फुरद १९९५ पर्यंत निम्म्यावर आणण्याची जी घोषणा केली, तिला कोणत्या नळाचे तोंड कोणी बंद करायचे याचा तपशीलच जोडलेला नव्हता, आणि तिची मुदत उद्दिष्ट न गाठताच संपली.

बर्लिनची भिंत पडल्यानंतर हे चित्र पालटले. सप्टेंबर १९९० मध्ये स्वीडनमधील रोनेबी येथे किनाऱ्यावरील देशांचे सरकारप्रमुख एकत्र आले आणि एप्रिल १९९२ मध्ये अंतर्गत जलक्षेत्र आणि संपूर्ण खोरे कक्षेत घेणारा नवा करार झाला. त्याच वेळी वीस वर्षांचा एक संयुक्त कृती-कार्यक्रम मंजूर करण्यात आला. त्याचा गाभा म्हणजे एक यादी होती. समुद्राला सर्वाधिक अपाय करणारी १३२ ठिकाणे तीत नावानिशी नोंदवली होती: अमुक शहराचे मैलापाणी, तमुक नदीकाठची कागदगिरणी, एखादे महाकाय वराहपालन केंद्र, एखादे खाजण. या ठिकाणांना हॉट स्पॉट म्हटले गेले, आणि त्यांच्या दुरुस्तीचा अंदाजे खर्च १८ अब्ज एक्यू, म्हणजे युरोपूर्वीच्या युरोपीय हिशेबी चलनात, मांडण्यात आला. जागतिक बँक, युरोपीय गुंतवणूक बँक, पुनर्रचना व विकासासाठीची युरोपीय बँक आणि नॉर्डिक गुंतवणूक बँक या संस्था कार्यक्रम आखतानाच मंत्रालयांच्या जोडीला बसल्या होत्या, म्हणून ही यादी कर्जाच्या प्रस्तावांत उतरू शकली.

यादीतून नाव वगळण्याचीही रीत ठरलेली होती: त्या देशाने मोजमापांसह अर्ज करायचा, इतर देशांच्या तज्ज्ञांनी तो तपासायचा आणि आयोगाने निर्णय द्यायचा. नाव यादीत राहणे ही नामुष्की होती आणि ते वगळले जाणे ही त्या देशाच्या मंत्र्याला घरी सांगता येण्यासारखी गोष्ट होती, त्यामुळे बंधनकारक नसलेल्या शिफारशींना जे साधले नाही ते या साध्या रचनेने साधले. पुढे काही ठिकाणांची विभागणी होऊन संख्या १६२ झाली, आणि त्यांपैकी शंभराहून अधिक आजवर वगळली गेली आहेत. समन्वय या शब्दाने बैठका आणि ठराव डोळ्यांपुढे येतात. बाल्टिकमध्ये मात्र तो खरा उतरला तो ठिकाण, जबाबदार यंत्रणा आणि सर्वमान्य मोजमाप ही तिन्ही एका ओळीत लिहिली गेली तेव्हा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सेंट पीटर्सबर्गचे आहे. सुमारे पन्नास लाखांच्या या शहराचे मैलापाणी शतकानुशतके नेवा नदीतून थेट फिनलंडच्या आखातात जात होते. पहिले मोठे शुद्धीकरण केंद्र तेथे १९७८ मध्ये उभे राहिले. नैऋत्य भागासाठीच्या केंद्राचे बांधकाम सोव्हिएत काळात सुरू झाले, पण संघराज्य कोसळल्यावर पैशांअभावी ते अर्धवट सोडून द्यावे लागले. अखेर फिनलंड, स्वीडन, नॉर्डिक गुंतवणूक बँक, युरोपीय संघ आणि रशियन यंत्रणा यांच्या एकत्रित निधीतून ते पुरे झाले, आणि सप्टेंबर २००५ मध्ये सुमारे सात लाख लोकांचे मैलापाणी स्वच्छ होऊ लागले. शेजारच्या श्रीमंत देशांच्या करदात्यांनी परक्या शहराच्या गटारांवर पैसा का खर्चावा, हा प्रश्न फिनलंडमध्ये विचारला जाणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर हिशेबात होते. फिनलंडमधल्या केंद्रांत बहुतेक स्फुरद आधीच काढले जात होते, तेथे आणखी एक किलो काढायला जो खर्च आला असता त्याच्या अल्पांशात नेवाच्या मुखाशी तेवढेच काम होत होते, आणि लाभ तर हेलसिंकीच्याच किनाऱ्याला मिळणार होता. पुढे शहराच्या तिन्ही मोठ्या केंद्रांत लोहक्षार मिसळून स्फुरद तळाशी बसवण्याची सोय झाली, आणि २०१३ मध्ये उत्तरेकडचा भुयारी वाहिनीमार्ग पूर्ण झाल्यावर शहरातील सुमारे ९८ टक्के सांडपाणी प्रक्रियेखाली आले. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, लुगा नदीत एका खत-कारखान्याच्या परिसरातून प्रचंड प्रमाणात स्फुरद झिरपत असल्याचे उघड झाले आणि तो पाझर अडवण्यात आला. तो आधी हिशेबात धरलेलाच नव्हता, हे येथे आवर्जून नोंदवायला हवे. यादी कितीही काटेकोर असली तरी नदीकाठी जाऊन पाण्याचे नमुने घेण्याला पर्याय नव्हता.

वॉर्सामध्ये डाव्या तीरावरचे मैलापाणी २०१२ पर्यंत बव्हंशी तसेच विस्तुला नदीत जात असे. चायका येथील केंद्राच्या विस्तारानंतर ते थांबले, मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये नदीखालून पाणी नेणाऱ्या वाहिन्या निकामी होऊन शहराचे मैलापाणी पुन्हा नदीत सोडावे लागले, आणि पुढच्याच वर्षी तोच प्रकार परत घडला. एकंदरीत १९८० च्या दशकाशी तुलना करता समुद्रात येणारे स्फुरद सुमारे निम्म्याने घटले. तथापि या घटीचे सगळे श्रेय कार्यक्रमाला देणे न्याय्य ठरणार नाही, कारण १९९० नंतर पोलंड आणि बाल्टिक प्रजासत्ताकांत जुने कारखाने बंद पडले आणि सामूहिक शेतीबरोबर खतांचा वापरही झपाट्याने घसरला. त्या वर्षांत नद्या काही प्रमाणात आर्थिक हलाखीमुळे स्वच्छ झाल्या.

जहाजांबाबतचे यश अधिक निर्विवाद आहे. १९८९ मध्ये विमानांतून केलेल्या पाहणीत तेलगळतीच्या सातशेहून अधिक घटना आढळल्या होत्या, तर अलीकडे ही वार्षिक संख्या शंभरापलीकडे जात नाही. प्रवासी जहाजांनी मैलापाणी समुद्रात सोडण्यावरची बंदी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मान्य केली आणि ती २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. डीडीटी आणि पीसीबी यांवरील बंदीचे फळही मिळाले: समुद्रगरुड पुन्हा पिल्ले वाढवू लागले आणि करड्या सीलांची मोजलेली संख्या तीस हजारांपलीकडे गेली.

अतिपोषण मात्र हटले नाही. २००७ मध्ये क्राकोव येथे ठरलेल्या बाल्टिक कृती-आराखड्यात प्रत्येक देशाला नत्र आणि स्फुरद यांच्या कपातीचा वाटा आकड्यांत नेमून देण्यात आला आणि २०२१ पर्यंत समुद्र सुस्थितीत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, ते हुकले. २०१८ च्या सर्वंकष मूल्यमापनात समुद्राचे ९७ टक्के क्षेत्र अतिपोषणग्रस्त ठरले होते. याचे एक कारण तळाशी आहे. अनेक दशके साचलेले स्फुरद तळाच्या गाळात बांधलेले असते, पण तेथील प्राणवायू संपला की ते सुटून पुन्हा पाण्यात मिसळते, नीलहरित शैवालांना खाद्य पुरवते, आणि हे शैवाल मरून पुन्हा तळाचा प्राणवायू खाते. जुन्या कर्जावरच्या व्याजासारखे हे चक्र नवा भार न टाकताही चालू राहते. प्राणवायूची टंचाई असलेले क्षेत्र शतकभरात सुमारे ५,००० चौरस किलोमीटरांवरून ६०,००० च्या वर गेले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये उत्तर समुद्रातून खारे, प्राणवायूयुक्त पाणी मोठ्या प्रमाणात आत शिरले, आणि १८८० पासूनच्या नोंदींतील तो तिसऱ्या क्रमांकाचा प्रवाह असूनही तळावर त्याचा परिणाम अल्पकाळच टिकला. कॉड माशाची अंडी याच खोल खाऱ्या थरात तरंगत वाढतात. पूर्व बाल्टिकमधील कॉडची मासेमारी २०१९ मध्ये युरोपीय संघाला थांबवावी लागली.

दुसरे कारण शेतांत आहे, आणि त्याबाबत राज्यकर्त्यांनी दाखवलेला संकोच क्षम्य मानता येत नाही. मैलापाणी नळाच्या तोंडाशी अडवता येते, शेतातून पावसाबरोबर वाहणारे खत हजारो ओढ्यांतून येते. त्याचा कोणी एक मालक नसतो, म्हणून हे विखुरलेले प्रदूषण यादीच्या एका ओळीत मावत नाही. शेतीच्या अनुदानांचे निर्णय हेलसिंकीच्या आयोगात होत नाहीत, ते ब्रुसेल्समध्ये आणि त्या त्या देशांच्या राजधान्यांत होतात.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ल्युबेक येथे १९९ उपायांचा सुधारित आराखडा २०३० ची मुदत ठरवून मंजूर झाला, आणि चारच महिन्यांनी रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणामुळे आयोगाचे नियमित कामकाज थांबले. युरोपीय संघ आणि त्याचे सदस्य असलेले आठ किनारी देश तेव्हापासून अनौपचारिक सल्लामसलतीच्या स्वरूपात काम पुढे नेत आहेत. शीतयुद्धातही तुटली नव्हती अशी एकाच आकड्यावरच्या विश्वासाची परंपरा आता खंडित झाली आहे, ही या अर्धशतकातील सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल. २०१४ मध्ये तर फिनलंडने एस्टोनिया आणि रशिया यांच्यासह फिनलंडच्या आखाताचे विशेष वर्ष साजरे केले होते.

करारात पुढाकार घेणाऱ्या फिनलंडचेही एक नाव यादीत अजून आहे: देशाच्या नैऋत्येला हजारो बेटांमध्ये पसरलेल्या द्वीपसमूह-समुद्राचे पाणलोट क्षेत्र. तेथील भार प्रामुख्याने चिकणमातीच्या शेतांतून येतो. हेक्टरी सुमारे ४ टन जिप्सम पसरले तर मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि त्यांच्याबरोबर वाहून जाणारे स्फुरद मोठ्या प्रमाणात अडते, असे प्रयोगांत दिसल्यावर सरकारने २०२० पासून शेतकऱ्यांसाठी या कामाचा खर्च उचलायला सुरुवात केली. जिप्समचा परिणाम काही वर्षांत ओसरतो आणि ते पुन्हा पसरावे लागते, त्यामुळे त्या शेतांवरचा हा खर्च दर काही वर्षांनी पुन्हा मंजूर होतो की नाही यावर ती उरलेली ओळ खोडली जाणे अवलंबून आहे.