पंधरा वर्षांची गाडी आणि घरचा पाना

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी पाने, पक्कड आणि ग्रीसचा डबा नाही असं सहसा होत नाही. फवारणी पंपाचा वॉशर बदलणं, ट्रॅक्टरचं ऑइल पाहणं, विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर उघडून बघणं ही कामं घरचीच मानली जातात. त्याच अंगणात उभ्या असलेल्या एमएच 29 पासिंगच्या जुन्या मारुती 800 ला किंवा इंडिकाला मात्र कुणी हात लावत नाही. तिचं बोनेट मिस्त्रीनंच उघडायचं असा जणू दंडक आहे. गंमत म्हणजे त्याच गाडीवर हौसेनं खर्च करायचा झाला की हात आखडत नाही. जास्त वॅटचे दिवे, पुढे लोखंडी गार्ड, काचांना काळी फिल्म, खराब रस्त्यासाठी स्प्रिंगखाली स्पेसर. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जुन्या गाडीची देखभाल मालकानं होईल तितकी स्वतः करावी आणि तिच्या मूळ रचनेत बदल होईल तितके टाळावेत.

आधी एका गैरसमजाचा निकाल लावू. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. ते दिल्लीच्या बातम्यांमुळे. महाराष्ट्रात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. हे स्वस्त राहिलेलं नाही. 1 एप्रिल 2022 पासून अशा मोटारीच्या नूतनीकरणाची फी 5,000 रुपये झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती 10,000 केली गेली. म्हणजे सरकार जुनी गाडी ठेवू नका असं म्हणत नाही, पण ठेवायची तर धडधाकट ठेवा, असं मात्र म्हणतं. मारुती 800 चं उत्पादन 1983 च्या डिसेंबरात सुरू झालं आणि 2014 च्या जानेवारीत थांबलं, तेव्हा शेवटची 800 सुद्धा आता दहा वर्षांपुढची आहे. नवी गाडी घेण्याइतका पैसा कापसाच्या भावातून दर वर्षी निघत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको.

गाडी म्हातारी होते ती इंजिनाच्या लोखंडामुळे क्वचितच. ती खचते पातळ पदार्थ आणि रबर यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. रेडिएटरचंच घ्या. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातलं ग्लायकॉल उकळण्याचा बिंदू वर नेतं, गंजरोधक द्रव्यं अ‍ॅल्युमिनियमचं हेड सांभाळतात आणि झाकणाचा दाब पाण्याला शंभर अंशांपुढेही उकळू देत नाही. आता मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत पातळी कमी दिसली म्हणून कुणी बोअरचं पाणी ओतलं, तर काय होतं? आपल्याकडचं भूजल बऱ्याच ठिकाणी जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांना आतून बसतो. वर कूलंट पातळ होऊन गंजरोधकाची धारही जाते. दोन-तीन उन्हाळ्यांत गाडी गरम व्हायला लागते, मग हेड गॅस्केट जातं आणि काही हजारांचं बिल येतं. हे टाळायला काय लागतं? डिस्टिल्ड वॉटरची बाटली किंवा तयार कूलंट, आणि सकाळी इंजिन थंड असताना टाकीकडे टाकलेली एक नजर. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

हवेचंही तसंच. एक लिटर पेट्रोल जाळायला इंजिन सुमारे नऊ हजार लिटर हवा ओढतं. वणी भागात त्या हवेत कोळशाची धूळ असते, कच्च्या शिवाररस्त्यांवर काळ्या मातीची. पुस्तिकेतलं फिल्टर बदलण्याचं अंतर चांगल्या रस्त्यांसाठी असतं. धुळीच्या भागात त्याआधीच बदला, असं त्याच पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण ते पान कुणी उघडत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत फिल्टरचा डबा चार क्लिपांवर बसलेला असतो. काढा, उजेडासमोर धरा. घड्यांतून उजेड दिसला नाही तर नवा घाला. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचता आले पाहिजेत: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर आतून म्हातारं होतं, हे तेवढ्यावरून कळतं.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर, मुळात इथेनॉलविरहित इंधनासाठी घडवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्के घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात होता. पेट्रोलियम मंत्रालयानं 2025 च्या ऑगस्टमध्ये ही भीती अतिरंजित ठरवली, तरी काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतील, हे मान्य केलं. तेव्हा इंधनाच्या नळीला भेगा, ओल किंवा पेट्रोलचा वास आहे का, हे महिन्याला पाहणं हा जुन्या गाडीच्या मालकाचा नवा धर्मच झाला. पाहायचं आपण; बदलायचं मात्र मिस्त्रीकडून, कारण तिथे चूक झाली तर गाडी पेटते.

इथेच पहिला आक्षेप येतो: अर्धवट ज्ञानानं अपघात होतील. आक्षेप खरा आहे, म्हणून सीमारेषा आखावी लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो, तर पाणी शोषलेल्याचा 140 पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ते उकळलं तर पेडल थेट तळाशी. मालकानं ऑइल काळपट झालं का, पातळी घटली का, हे पाहावं. ते बदलून हवा काढणं, स्टीअरिंगचे सांधे, क्लच ही कामं सरावलेल्या हाताची. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, कधीच नाही.

बदलांच्या बाबतीत मी इतका उदार नाही. साठ-पंचावन्न वॅटच्या बल्बच्या जागी शंभर-नव्वदचा घातला की पंधरा-वीस वर्षांच्या वायरी आणि सॉकेट तापतात, वितळतात. उजेडच वाढवायचा तर कंपनीच्याच वॅटचा बल्ब ठेवून रिले आणि फ्यूज लावलेलं नवं वायरिंग करावं. जुन्या स्विचमध्ये वाया जाणारा दाब बल्बपर्यंत पोचतो. हा बदल मला मान्य आहे, कारण तो गाडीला तिच्या मूळ हेतूकडे नेतो. स्पेसर घातल्यावर अ‍ॅक्सलचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, आत माती जाते. पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवलं. धडकेचा मार ते चेसिसकडे पोचवतात आणि पादचाऱ्याला जास्त इजा करतात. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच मनाई केली. उन्हाचा त्रास खरा आहे, पण त्यावर सावलीत गाडी लावणं आणि एसी नीट ठेवणं हेच उपाय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही. सीएनजी किट बसवायचं तर मान्यताप्राप्तच आणि आरसीवर नोंद करूनच. यावर 'मग कल्पकतेला वावच नाही का' असं विचारलं जातं. वाव आहे, पण आपल्या अंगणात. सार्वजनिक रस्त्यावर समोरून येणाऱ्यानं तुमच्या प्रयोगाला संमती दिलेली नसते.

दुसरा आक्षेप असा की आता सगळं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरच करू शकतं. झरी-जामणी किंवा महागावच्या माणसाला तिथे जाण्यात अख्खा दिवस घालवावा लागतो, हे बाजूला ठेवलं तरी ही समजूत आपोआप तयार झालेली नाही. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या न्यायालयात गेल्या, तो भाग वेगळा. 2022 च्या डिसेंबरात केंद्रानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. जुन्या मॉडेलच्या मालकाला या हक्काची गरज सगळ्यात जास्त, कारण त्याच्यासाठी शोरूममधलं शेल्फ आधीच रिकामं होत आलेलं असतं.

राहता राहिला मिस्त्रीच्या पोटाचा प्रश्न. फिल्टर झटकणं आणि पाणी पाहणं यावर कुठल्याही मिस्त्रीचं घर चालत नाही. त्याचा वेळ जातो तो दोष शोधण्यात. 'गाडी गरम होते' एवढंच सांगणारं गिऱ्हाईक त्याला अर्धा दिवस चाचपडायला लावतं. बोनेट उघडायची सवय असलेला मालक सांगतो: एसी चालू असताना चढावर काटा वर जातो, सपाटीवर खाली येतो, टाकीतलं कूलंट आठवड्याला बोटभर कमी होतं, खाली ओल मात्र कुठे दिसत नाही. एवढं ऐकलं की मिस्त्री पंखा न तपासता आधी प्लग काढून बघतो.