ब्रेसेस आणि दातांवरचे पांढरे डाग

ब्रेसेस निघाल्यावर दात सरळ दिसतात, पण काहींच्या दातांवर खडूसारखे पांढरे चट्टे उरतात. ब्रॅकेटभोवती, विशेषतः हिरडीच्या बाजूला, जिवाणूंचा चिकट थर साचतो. हे जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. त्या थरातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. स्वच्छतेत हयगय झाली तर महिनाभरातही डाग उमटू शकतो.

डाग पडू नयेत म्हणून

- फ्लोराइडच्या पेस्टने दिवसातून दोनदा ब्रश करा. ब्रश तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वरची, मग खालची कड घासा. तारेखालची जागा इंटरडेंटल ब्रशने साफ करा.
- रात्री पेस्टचा फेस थुंकून टाका. खळखळून चूळ भरू नका.
- चिक्की, चॉकलेट, कोल्ड्रिंक असे गोड दिवसभर अधूनमधून तोंडात टाकणे टाळा.
- धोका जास्त असेल तर डॉक्टर दर काही महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निश लावतात.

डाग पडलेच तर

ब्रेसेस निघताच ब्लीचिंगची घाई नको. लाळेतल्या खनिजांमुळे बरेच डाग पहिल्या काही महिन्यांत फिके होतात. या काळात तीव्र फ्लोराइड मनाने वापरू नका. वरचा पापुद्रा कडक होतो आणि आतला डाग तसाच राहतो. डाग टिकलाच तर पातळ रेझिन आत मुरवण्याचा किंवा वरचा सूक्ष्म थर घासण्याचा पर्याय असतो. पृष्ठभाग खडबडीत होऊन खड्डा पडला असेल, तर मात्र फिलिंगच करावे लागते.