सस्पेन्शनची झीज : काय दुरुस्त करावे, काय बदलावे

मोटारगाडीचे ‘सस्पेन्शन गेले’ असे गॅरेजमध्ये सांगितले जाते, तेव्हा नेमके काय गेले आहे हे त्या दोन शब्दांवरून कळत नाही, कारण सस्पेन्शन हा एखादा सुटा भाग नसून चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधील स्प्रिंगा, तेलाच्या नळ्या, लोखंडी भुजा, सांधे आणि रबरी तुकडे यांची ती जोडणी असते आणि त्यांतील प्रत्येकाची झीज वेगळ्या कारणाने, वेगळ्या गतीने होते. म्हणूनच दुरुस्ती करावी की नवे बसवावे, हा प्रश्न संपूर्ण सस्पेन्शनला उद्देशून विचारला, तर उत्तर खर्चिक तरी निघते किंवा चुकीचे तरी. तो एकेका भागाबाबत विचारावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो भाग कसा घडवला आहे यातच त्याचे उत्तर असते.

या जोडणीत सर्वाधिक गैरसमज आहेत ते शॉक अ‍ॅब्सॉर्बरविषयी, ज्याला गॅरेजच्या बोलीत शॉकअप म्हणतात. नावावरून धक्का तो झेलत असावा असे वाटते. प्रत्यक्षात धक्का झेलते ती स्प्रिंग, आणि दबलेली स्प्रिंग मोकळी होताना गाडीला जे हेलकावे देते ते थांबवण्याचे काम शॉकअपकडे असते. नळीत भरलेल्या तेलातून एक दट्ट्या सरकतो, त्याच्या झडपांतून आणि बारीक छिद्रांतून तेलाला वाट काढावी लागते, त्या अडथळ्यामुळे हालचालीच्या ऊर्जेची उष्णता होते आणि ती हवेत निघून जाते. कालांतराने झडपा ढिल्या पडतात, दट्ट्याच्या दांड्याभोवतीचे सील झिजते आणि तेल बाहेर येऊ लागते. सीलजवळ तेलाचा पुसटसा ओलावा असणे हा दोष नव्हे, परंतु नळीवरून ओघळ खाली उतरलेले दिसले तर तो शॉकअप संपला असे समजावे.

आजच्या बहुसंख्य मोटारींचे शॉकअप कारखान्यातच कायमचे बंद केलेले असतात. ते कापून, नवे सील व तेल घालून, पुन्हा वेल्डिंगने जोडून देणारे कारागीर मिळतात आणि त्यांच्या हातोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण वेगळी आहे. सील ज्या दांड्यावर घासते त्याच्या क्रोमच्या मुलाम्यावर चरे उमटलेले असतील, तर नवे सीलही लवकरच कापले जाते. तेलाला फेस येऊ नये म्हणून अनेक शॉकअपमध्ये दाबाखाली भरलेला नायट्रोजन नळी उघडताच निघून जातो. मूळ तेलाइतक्याच दाटपणाचे तेल मिळेलच असे नाही. शिवाय एका बाजूचा शॉकअप दुसऱ्याहून सैल राहिला, तर वळणावर वा जोराने ब्रेक दाबताना गाडीचा तोल दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही. अशी दुरुस्ती स्वस्त भासते, पण तिचा खर्च थोड्याच दिवसांत दुसऱ्यांदा करावा लागतो. बंद नळीचा शॉकअप बदलावाच, आणि तोही एका आसावरील दोन्ही बाजूंचा जोडीने.

दुरुस्तीवरचा हा विश्वास मुळात जुन्या गाड्यांनी दिलेला आहे. अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांच्या मागच्या बाजूला पाटे असत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. एखादा पाटा तुटला तर तेवढाच बदलता येई आणि कमान बसली तर ती ठोकून पुन्हा वाकवून घेता येई, जरी असे पाटे पुन्हा बसण्याचा संभव अधिक असे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना मात्र मॅकफर्सन स्ट्रट होता. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवलेले असतात. भाग कमी झाले, जागा वाचली. परंतु शॉकअप आता चाकाला सरळ धरणारा आधारही झाला, त्यामुळे त्याची हयगय परवडेनाशी झाली.

रबराची गोष्ट निराळी आहे. लोखंडी भुजेच्या टोकांना धातूच्या नळकांड्यांत बसवलेले रबरी बुश असतात. उष्णता, तेल आणि वय यांमुळे त्यांना भेगा पडतात आणि खड्ड्यात चाक गेले की ‘खट्’ असा आवाज येतो. भुजा वाकलेली नसेल, तर ती सबंध बदलण्याची गरज नसते. प्रेसने जुने बुश काढून नवे बसवता येतात, आणि खरी दुरुस्ती म्हणावी अशी ही एक जागा आहे. मात्र बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी जॅकवर लटकलेली नसावी, तिचे वजन चाकांवर असावे. अन्यथा रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि अकाली फाटते. ही साधी बाब घाईच्या गॅरेजमध्ये राहून जाते आणि दोष नव्या बुशला दिला जातो.

बॉल जॉइंट, म्हणजे भुजेला चाकाशी जोडणारा गोलाकार सांधा, त्याच्या रबरी टोपीत ग्रीस भरून थोडे दिवस शांत करता येतो, पण झिजलेला धातू त्याने भरून येत नाही, आणि हा सांधा निसटला तर चाक आडवे होऊन गाडी जागीच बसते. काही गाड्यांत तो भुजेसह एकत्रच विकला जातो. तेथे निवडीला वावच नसतो. कोकण किनाऱ्यावरील खारट हवेत स्प्रिंगही तपासावी लागते, कारण खडी लागून रंग उडालेल्या जागी गंज धरतो आणि तेथूनच तडा सुरू होतो. तुटलेली स्प्रिंग वेल्ड करणे हा उपाय नव्हेच.

खर्चाचा विचार करताना भागाच्या किमतीइतकेच मजुरीकडेही पाहावे. स्ट्रट उतरवून, स्प्रिंग अवजाराने आवळून तो एकदा खोलला, की त्याच्या वरचे माउंटिंग, धूळरोधक आवरण आणि दाबरोधक रबर हे तुलनेने स्वस्त भाग त्याच वेळी बदलणे किफायतशीर ठरते, कारण पुढे त्यांच्यासाठी तेवढीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. याउलट, पुढून कटकट ऐकू आली म्हणून थेट शॉकअपची जोडी घेणे उतावीळपणाचे आहे. तो आवाज अनेकदा लिंक रॉड या छोट्या दांड्याचा असतो. बॉनेट दाबून गाडी किती वेळा झुलते हे पाहण्याची प्रचलित परीक्षा पूर्ण निकामी झालेला शॉकअप ओळखू शकते, अर्धवट झिजलेला नाही. टायरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी पडलेले खळगे हे त्याहून बोलके लक्षण. पावसाळ्यातील खड्ड्यांनंतर, ऑक्टोबरच्या सुमारास, अशी पाहणी करून घेणे सोयीचे, आणि स्ट्रट किंवा भुजा यांपैकी काहीही उतरवले असेल, तर व्हील अलाइनमेंट करूनच गाडी ताब्यात घ्यावी. वर्षभरात विकायच्या गाडीची किंचित बसलेली स्प्रिंग तशीच ठेवता येते. सैल बॉल जॉइंट ठेवता येत नाही.